एचआयव्हीसह जगणाऱ्या गे पुरुषांचा बोलता गट: जमवायचा कसा, चालवायचा कसा

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशकासमोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला साधारण चार गोष्टी विचारल्या जातात. गोळ्या चुकतात का, वजन किती, खोकला-ताप आहे का, आणि कंडोम वापरता ना? चौथ्याचं उत्तर ठरलेलं असतं: हो. मागे रांग असते, समुपदेशकालाही पुढचा पेशंट दिसत असतो, विषय तिथेच मिटतो. निदान झाल्यापासून त्याने कुणाला जवळ घेतलंय का, बायकोला काय सांगितलंय, ॲपवर भेटलेल्याला काय सांगायचं, मागच्या जागेवर आलेला फोड डॉक्टरला दाखवायची लाज वाटते का, यातलं काहीच त्या खुर्चीत बाहेर येत नाही.

ते बाहेर यावं म्हणून गट. स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या दोन गे पुरुषांनी चालवलेला, सहा-सात बैठकांचा, सेक्सबद्दल सरळ बोलणारा. टीआय प्रकल्पातले (एचआयव्ही प्रतिबंधाचा सरकारी प्रकल्प) पीअर एज्युकेटर, ओआरडब्ल्यू (वस्तीत फिरणारे कार्यकर्ते), पॉझिटिव्ह नेटवर्कचे (एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेचे) कार्यकर्ते किंवा स्वतःच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना एकत्र आणू पाहणारा कुणीही हे करू शकतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ साली आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ साली सुरू झाला. अशा संस्थांमुळे निदान मोठ्या शहरांत बसायला खोली आणि पाठीशी उभं राहणारं कुणीतरी सापडतं. लहान गावात ही सोय स्वतः करावी लागते.

आधी गट चालवणारे दोघे निवडा

दोघे का? एक बोलत असताना दुसऱ्याने चेहरे बघायचे असतात. कोण गप्प झालाय, कोण दाराकडे बघतोय, हे बोलणाऱ्याला दिसत नाही.

दोघेही किमान वर्षभर एआरटीवर स्थिरावलेले असावेत आणि आपलं स्टेटस, म्हणजे एचआयव्ही असल्याचं, घरातल्या किंवा मित्रांतल्या एखाद्याला तरी सांगितलेले असावेत. ज्याने अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तो ‘जोडीदाराला कसं सांगायचं’ या बैठकीत स्वतःच अडकतो. दोघांच्या जगण्यात फरक असला तर उत्तम. एक उघडपणे कोथी (बायकी वळणाचा पुरुष) म्हणवणारा, दुसरा लग्न झालेला आणि ऑफिसात कुणाला काही ठाऊक नसलेला, अशी जोडी असली की आलेल्या प्रत्येकाला निदान एक जण आपल्यातला वाटतो.

सगळ्यात छान भाषण करणारा कार्यकर्ता मात्र निवडू नका. हे माझं ठाम मत आहे. पीअरची, म्हणजे त्याच अनुभवातून गेलेल्याची, ताकद असते ‘मीही त्यातून गेलोय’ या एका वाक्यात. गटाची वाट लागते तीही त्याच वाक्यापायी, कारण ते एकदा सुरू झालं की थांबत नाही. समोरच्याने अर्धं दुःख सांगितलं की आपण आपलं पूर्ण सांगून मोकळे होतो. म्हणून दोघांनी आपापसांत नियम करायचा: स्वतःची गोष्ट दोन वाक्यांत, आणि लगेच प्रश्न परत गटाकडे. ‘मलाही बायकोला सांगायला खूप वेळ लागला. तुझ्या बाबतीत काय आडवं येतंय?’ बस. दोघांपैकी दुसऱ्याने खूण ठरवून ठेवावी, घड्याळाला हात लावणं चालेल. तिसरं वाक्य सुरू झालं की खूण करायची.

तयारीत तीन गोष्टी शिकून घ्या: हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, आणि न मागितलेला सल्ला गिळणं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. दोघांनी एकमेकांवर सराव करावा आणि एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला समोर बसवावं. हा समुपदेशक पुढेही लागेल. तो बैठकीत बसणार नाही, पण बैठकीनंतर फोनवर हवा. त्याच्याशिवाय गट सुरू करू नका.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी. चालवणाऱ्यांना मानधन आणि प्रवासखर्च मिळालाच पाहिजे. ‘समाजासाठी’ म्हणून फुकट राबवलेला पीअर तिसऱ्या महिन्यात थकतो. दुसरं, गट चालू असेपर्यंत गटातल्या कुणाशीही शारीरिक संबंध नाही. आपलं जग लहान आहे, जुना यार समोर येऊन बसणारच. तसं झालं तर पहिल्याच दिवशी गट चालवणाऱ्या दुसऱ्याला सांगा आणि त्या माणसाला दुसऱ्या गटाचा पर्याय द्या.

माणसं जमवताना

सहा ते दहा जण पुरेत. पाचापेक्षा कमी झाले की प्रत्येकावर बोलण्याचं दडपण येतं, बारापेक्षा जास्त झाले की लाजाळू माणूस कोपऱ्यात विरघळतो.

पोस्टर लावू नका. निमंत्रण एकेकाला, तोंडी, एआरटी सेंटरच्या आवाराबाहेर. गटात घेण्याआधी प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला: निदान कधी झालं, औषधं चालू आहेत का, जीव नकोसा होतो का, गटात कुणी ओळखीचं निघालं तर चालेल का. निदान होऊन चार-पाच आठवडेच झालेत त्याला अजून एकेकट्या आधाराची गरज असते. त्याला पुढच्या गटात घ्या. आत्महत्येचे विचार आहेत त्याला आधी डॉक्टर किंवा समुपदेशक. रात्री-अपरात्री त्याच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. वय अठरा पूर्ण हवंच. अठराखालच्या मुलाच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने ती कळवावी लागते, आणि मग गुप्ततेचं वचन पाळता येत नाही.

जोडपं असेल तर दोघांना वेगवेगळ्या गटांत बसवा. एकाच्या तोंडून बाहेरचा संबंध निघाला की उरलेली बैठक त्यांच्या भांडणात जाते.

भाषेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण गट त्यावरच फुटतो. इंग्रजीत ‘टॉप-बॉटम’ म्हणणारा आयटीतला मुलगा आणि कोथी-पंथीच्या भाषेत बोलणारा नाका कामगार एकाच खोलीत आले की दोन बैठकांत एक गट दोन होतात. शक्य असेल तर वेगळे गट करा. नसेल तर पहिल्या दिवशी फळ्यावर अवयवांची आणि कृतींची सगळ्यांची नावं लिहून घ्या, शिव्यांसकट. हसू येतं, लाज उतरते, आणि पुढे कुणाला शब्द शोधत बसावं लागत नाही. कुणी ‘अगं बाई’ म्हणत बोलत असेल तर बोलू द्या, सुधारायला जाऊ नका.

खोली, वेळ आणि व्हॉट्सॲप

रविवारची दुपार बरी. शनिवारी रात्री अनेक जण बाहेर असतात, आणि आठवड्याच्या दिवशी सुट्टी मागायला घरी कारण द्यावं लागतं. दोन तास, मध्ये चहा. डीआयसीची (प्रकल्पाच्या भेटीगाठीच्या केंद्राची) खोली चालेल, पण त्याच वेळी शेजारी टेस्टिंग कॅम्प नको. दार लागणारं हवं आणि खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. एसीची बंद खोली आरामाची असते, पण एचआयव्हीसह जगणाऱ्या दहा जणांसाठी ती चांगली जागा नाही. टीबी हवेतून पसरतो. दारातच चार गोष्टी विचारा: खोकला, ताप, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. एक जरी ‘हो’ आलं तर त्याला मास्क द्या, त्या आठवड्यात तपासणीला पाठवा. त्याला हे बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.

व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर आणि डीपी सगळ्यांना दिसतो, आणि एका स्क्रीनशॉटवर एखाद्याचं घर उद्ध्वस्त होऊ शकतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, निरोप साधा ठेवा: ‘रविवार, ३ वाजता, नेहमीच्या जागी.’ एचआयव्ही, एआरटी, गे यातला एकही शब्द नको, कारण फोन बायकोच्या किंवा भावाच्या हातातही असतो. बैठकीत फोन बंद करून पिशवीत. नाव हवं ते सांगावं, खरं विचारू नये.

वचन आणि त्याच्या मर्यादा

‘इथलं इथेच’ एवढं म्हणून भागत नाही. पहिल्या बैठकीत कायदा साध्या शब्दांत सांगा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने न्यायालयाच्या आदेशाखेरीज कुणालाही आपलं स्टेटस उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि विश्वासाने मिळालेली ही माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. जोडीदाराला कळवण्याची तरतूद कलम ९ मध्ये आहे, पण ती डॉक्टर किंवा समुपदेशकासाठी, ठरावीक अटींवर. पीअरने कुणाच्या बायकोला फोन करून ‘सावध’ करायचं नाही, कितीही वाटलं तरी.

कलम १० वर दहा मिनिटं द्या, कारण त्याबद्दल गैरसमज फार. संसर्ग पुढे जाऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेणं हे त्या कलमानुसार एचआयव्हीबाधित माणसाचं कर्तव्य आहे. ही खबरदारी म्हणजे धोका कमी करणारे उपाय किंवा संबंधाआधी स्टेटस सांगणं असू शकतं. त्या ‘किंवा’ने अनेकांच्या छातीवरचा दगड उतरतो.

बैठका

पहिली बैठक ओळखीची आणि नियमांची. पण ती आजाराच्या कहाणीने सुरू करू नका. कधी झालं, कुणाकडून झालं, या चौकशीला उत्तरं त्यांनी आधी शंभरदा दिलेली असतात. त्याऐवजी विचारा: ‘निदानाआधी सेक्समध्ये काय आवडायचं? आता काय हवंसं वाटतं?’ आधी थोडी शांतता पसरेल. ती सोसा. एचआयव्ही झाला म्हणजे इच्छा संपली पाहिजे, हे त्यांनी स्वतःलाच बजावलेलं असतं. इच्छेपासून सुरुवात केली की पुढच्या सगळ्या बैठकांचं वळण बदलतं. धोक्यापासून केली तर गट एआरटी सेंटरचीच खुर्ची होऊन बसतो.

दुसरी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्या आकड्याची. सगळ्यांना आपलं ग्रीन बुक (एआरटी सेंटरची नोंदवही) किंवा रिपोर्ट आणायला सांगा. प्रत्येकाने आपला शेवटचा आकडा स्वतः शोधायचा. बऱ्याच जणांना तो कुठे लिहिलाय हेच माहीत नसतं. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा शिक्का दिसला की त्याचा अर्थ त्याच्याकडूनच काढून घ्या. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी औषधं सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा होते. कुणाची राहिली असेल तर तारीख तिथल्या तिथे ठरवा.

मग मूळ मुद्दा: रक्तात विषाणू सापडत नसेल, तर सेक्समधून तो पुढे जात नाही. यामागचा आधार भक्कम आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पार्टनर-२ अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा पुरुषांच्या ७८२ जोड्या होत्या. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा गुदसंभोग झाला आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकदाही लागण झाली नाही. १५ निगेटिव्ह जोडीदारांना एचआयव्ही झाला, पण विषाणूच्या जनुकीय तपासणीत तो जोडीदाराचा नव्हता, बाहेरून आलेला होता. ही शेवटची ओळ गाळू नका. गटात नेमकी त्यावरच चर्चा पेटते.

इथे सावध राहायचं ते दोन ठिकाणी. आकडा खाली आल्यावर तो निदान सहा महिने खाली टिकायला हवा आणि गोळी रोजची हवी. आणि याने गर्मी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) थांबत नाही. ‘मग कंडोम सोडू का?’ असं कुणीतरी विचारेलच. उत्तर देऊ नका. ‘सोडलास तर काय मिळेल आणि काय जाईल, सांग बरं,’ असं म्हणा आणि फळ्यावर दोन रकाने आखा.

तिसरी बैठक गुप्तरोगांची, आणि ती व्यवहाराची ठेवा. घशात आणि गुदमार्गात होणारा परमा बहुतेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. गर्मीचा फोड दुखत नाही, आपोआप भरतो, आणि माणूस बरा झालो समजतो. दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी हवी. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये उपचार मोफत असतात. पण डॉक्टरला ‘मागून संबंध’ हे शब्द सांगितल्याशिवाय तो तिथे तपासणार नाही, म्हणून हे वाक्य गटात मोठ्याने म्हणायचा सराव करा. दोघांनी डॉक्टर-पेशंट व्हायचं, डॉक्टरने मुद्दाम कपाळाला आठी घालायची. ‘डॉक्टर, माझे पुरुषांशी संबंध आहेत, मागून घेतो, तिथे दुखतंय.’ तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आवाज स्थिर होतो. हेपॅटायटिस बीची लस आणि सीची तपासणी याच बैठकीत. आणि खोबरेल तेल! आपल्याकडे अजूनही लुब्रिकंट म्हणजे खोबरेल किंवा व्हॅसलिन. दोन्हींनी लॅटेक्सचा कंडोम फाटतो. एका फुगवलेल्या कंडोमला खोबरेल चोळून सगळ्यांसमोर ठेवा, मग वेगळं व्याख्यान लागत नाही.

चौथी सांगण्याची: कुणाला, कधी, किती. ही सगळ्यात लांबते. एक बैठक जोडीदार आणि ॲपवरच्या ओळखींसाठी, दुसरी बायकोसाठी, अशी विभागणी करा. ॲपवर सांगायचं तर प्रोफाइलमध्ये लिहायचं, चॅटमध्ये की भेटून? चॅटमध्ये लिहिलेलं कॉपी होतं, हे लक्षात आणून द्या. भेटायला बोलावून लुटणं आणि धमकावणं हेही इथेच निघेल. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले, त्यामुळे तक्रार करायला गेलेला माणूस गुन्हेगार ठरत नाही. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा.

बायकोचा विषय गटाने सोडवायचा नसतो. तिची तपासणी झालीय का, मूल हवंय का, ती विचारते तेव्हा तुम्ही काय म्हणता, एवढं बोलू द्या. ज्याला सांगायचंय त्याने आयसीटीसीच्या (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राच्या) समुपदेशकासमोर सांगावं. गटात फक्त पहिल्या वाक्याचा सराव.

पाचवीत नशा, औषधं आणि ताठरता. ‘हाय फन’, म्हणजे नशेतला सेक्स, तुम्हाला ठाऊक नसेल तर आधी जाणून घ्या. एमडी किंवा मेथच्या नशेवर शुक्रवार ते रविवार गेला की गोळ्याही तीन दिवस जातात. उपदेशापेक्षा अलार्म आणि खिशातली डबी कामाची. पॉपर्स (हुंगायची नशा) आणि व्हायग्रा एकत्र घेतलं तर रक्तदाब धोकादायक घसरतो. दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत रिटोनाव्हिर असेल तर व्हायग्राचं प्रमाण शरीरात फार वाढतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि डोलुटेग्राव्हिर असलेली गोळी ॲसिडिटीच्या औषधाच्या, लोह-कॅल्शियमच्या गोळीच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास ठेवून घ्यायची. ही माहिती अनेकांना पहिल्यांदा गटातच मिळते.

शेवटची बैठक प्रत्येकाने स्वतःसाठी एक गोष्ट ठरवायची. एकच, आणि पुढच्या महिन्यात करता येईल एवढी.

विचारायचं कसं

समजा एक जण म्हणतो, ‘परवा कंडोम राहून गेला.’ आपल्या तोंडात येतं, ‘अरे, किती वेळा सांगायचं!’ ते गिळा.

‘राहून गेला म्हणजे नेमकं काय झालं?’

‘काही नाही. तो म्हणाला, तू तर घरचाच वाटतोस. मी खिशातून कंडोम काढला असता तर त्याला वाटलं असतं, याला काहीतरी आहे.’

‘म्हणजे कंडोम काढणं म्हणजेच स्टेटस सांगणं, असं झालं तुझ्यासाठी.’

इथे थांबा. त्याला मान हलवू द्या. बहुधा दुसराच कुणीतरी म्हणतो, ‘माझंही तेच होतं.’ आता गट स्वतः बोलतोय, तुमचं काम फक्त वेळ बघण्याचं. शेवटी एक प्रश्न: ‘शून्य ते दहात, पुढच्या वेळी आधीच कंडोम काढून ठेवशील याची खात्री किती?’ तो ‘चार’ म्हणाला तर ‘एवढं कमी का?’ असं विचारू नका. ‘चार का, एक का नाही?’ असं विचारा. मग तो स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू मांडतो.

गाडी अडते तेव्हा

कुणी सांगेल की व्हायरल लोड जास्त आहे, कंडोम वापरत नाही, आणि समोरच्याला सांगितलेलंही नाही. गट त्याच्यावर तुटून पडेल. ‘तू त्यांचा खून करतोयस’ हे वाक्य मी नेहमी गटाकडूनच येताना पाहिलंय, बाहेरच्याकडून क्वचित. तिथे मध्ये पडा. ‘हे त्याने इथे सांगितलं, बाहेर कुठे सांगता आलं असतं का?’ एवढं म्हणून विषय औषधांकडे न्या: गोळ्या का सुटल्या? बैठकीनंतर त्याच्याशी एकट्याने बोला, त्याच आठवड्यात एआरटी सेंटरला सोबत जा. निगेटिव्ह जोडीदाराला शंका असेल तर ७२ तासांच्या आत पीईपी (लागण रोखणारी औषधं) सुरू होऊ शकते, हे त्याला माहीत हवं.

कुणी दारू पिऊन आला तर हाकलू नका, चहा देऊन बाहेर बसवा, पुढच्या वेळी बोलवा. कुणी कोथींची टिंगल केली तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. रडू आलेल्याला पाण्याचा ग्लास द्या आणि गप्प राहा; पाठीवर हात ठेवण्याआधी विचारा.

बैठकीनंतर

दोघांनी वीस मिनिटं थांबायचं. कोण बोललं नाही, तिसरं वाक्य कुणाचं सुटलं, कुठे सल्ला दिला गेला. टिपणात नावं नाहीत. पंधरवड्यातून एकदा समुपदेशकाशी बोलणं, आणि त्यात स्वतःचंही बोलायचं. दुसऱ्याच्या जखमा ऐकून स्वतःच्या उघडतात.

काय मोजायचं? किती कंडोम वाटले हे सोडा. किती जणांना आपला व्हायरल लोड सांगता येतो, किती जणांनी गर्मीची तपासणी केली, किती जणांनी डॉक्टरला खरं सांगितलं, हे आधी आणि नंतर लिहून ठेवा. अपेक्षाही माफक ठेवा. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत एचआयव्हीबाधित गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठी पीअरनी चालवलेल्या सहा बैठकांच्या गटांची मोठी चाचणी झाली होती, आठशेहून अधिक पुरुषांवर. तीन महिन्यांनी एका बाबतीत थोडा फरक दिसला, बाकी बहुतेक वागणुकीत तो दिसला नाही. म्हणून सहा बैठकांवर गट मोडू नका. महिन्यातून एकदा जुन्यांची बैठक ठेवा, विषय न ठरवता.

एखादा येईनासा झाला तर एक फोन, त्यानेच सांगितलेल्या वेळी. उचलला नाही तर आठवड्याने एक साधा निरोप. घरी जायचं नाही, मित्राला विचारायचं नाही, एआरटी सेंटरवर गाठायचं नाही. पुढचा गट सुरू होईल तेव्हा त्याला तारीख कळवा.